गालातली लेस

गालातून काढलेल्या तुकड्याचा निकाल आला : कॅन्सर. टेलरमास्तरांनी मोबाइल उपडा ठेवला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने कोटाची बाही उसवायला घेतली.

"बाबा, ती बाही बरोबर आहे," मुलगी म्हणाली.

"मग बिघडवतो," ओठांच्या कोपऱ्यात टाचण्या धरून ते म्हणाले.

गालाच्या आत पांढरी जाळी त्यांना कित्येक वर्षं होती. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ती आरशात दाखवली होती. हा आजार जात नाही, सांभाळावा लागतो. बहुतेकांना पुढे काही होत नाही, थोड्यांना कॅन्सर होतो. म्हणून तपासायला येत राहा, असं बजावलं होतं. मास्तर खूश. शिंप्याच्या तोंडात फुकटची लेस! गिऱ्हाइकांना ते आ करून दाखवायचे. तिखट सुटलं, तेवढंच. 'थोड्यांना' हा शब्द त्यांनी इतर लोकांसाठी राखून ठेवला.

मग जाळीच्या मधोमध लाल चट्टा उठला, त्याची जखम झाली. मास्तरांनी खापर टाचण्यांवर फोडलं. डाव्या गालाशी धरायची सवय, टोचलं असणार. त्यांनी टाचण्या उजवीकडे नेल्या आणि तपासणी पुढे ढकलली. टाचण्यांनाही सुधारायची संधी द्यायला हवी.

"उजवीकडे कधी नेल्या?" मुलीने विचारलं.

"थंडीत."

"आता पंखा चालू आहे, बाबा."

मास्तरांनी पंख्याकडे पाहिलं. घरचाच माणूस फितूर झाल्यासारखं.

"टोचणं थांबलं, तरी जखम भरेना. तेव्हाच कळलं होतं ना तुम्हाला?"

तोंडातल्या टाचण्या एकेक काढून त्यांनी उशीत खोचल्या. शेवटची खोचायला फार वेळ लागला.

"अजून सुरुवातच आहे, असं डॉक्टर म्हणतात," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "तेवढा गाल काढतील. मांडीचं कातडं लावतील."

"ठिगळ."

"हो, ठिगळ. सोमवारी दाखल व्हायचंय. येताय ना?"

मास्तरांनी कोट घडी करून बाजूला ठेवला. डोळे चोळले.

"येतो. पण त्यांना माझा एक अर्ज दे. लिही."

"सांगा."

"मांडीचा पोत वेगळा, गालाचा वेगळा, शिलाई दिसणार. तरी सदर गाल अर्जदारास घरी नेऊन स्वतःच्या मशीनवर दुरुस्त करून आणण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."