विहिरीतल्या किंकाळीचं खरं-खोटं

तिला घरीदारी सगळे ‘खरंतर’ म्हणायचे, कारण तिचं जवळजवळ प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू व्हायचं. तिला भयपटाला सोबत न्यायचं म्हणजे तिकीट काढून सिनेमा नासवून घ्यायचा. पडद्यावर रक्ताचा पाट वाहू लागायचा, शेजारची मैत्रीण डोळे गच्च मिटून घ्यायची, आणि अंधारातून हिचा आवाज यायचा, की खरं तर तो लाल रंग घातलेला साखरेचा पाक आहे. सुरा खुपसल्याचा आवाज? खरबूज. हाडं मोडल्याचा? भाजीची ताजी देठं माइकजवळ धरून पिळायची. झपाटलेल्या पोरीच्या तोंडून भडाभडा उडणारी हिरवी ओकारी म्हणजे वाटाण्याचं सूप. हे ऐकल्यापासून वर्गातल्या दोन मुलींनी भूत पाहणं चालू ठेवलं आणि सूप पिणं सोडलं.

लोकांची बोबडी वळते, तोंडचं पाणी पळतं, पोटात गोळा येतो. खरंतरच्या पोटात फक्त भूक यायची, कारण मध्यंतरापर्यंत बोलून बोलून ती दमलेली असायची.

हे वेड तिला लागलं मावशीमुळे. मावशी वरच्या मजल्यावर राहायची आणि किंकाळ्या मारायची. म्हणजे पोटासाठी. पडद्यावरच्या नट्या दिसायला कितीही सुंदर असल्या तरी किंकाळताना त्यांचा आवाज फाटतो, म्हणून भयपटवाले मावशीला बोलवायचे. पडद्यावर कुणी नटी तोंड उघडायची आणि आवाज मावशीचा निघायचा. घरी मात्र ती इतकं हळू बोलायची की भाजीवाल्याला वाटायचं, ही काहीतरी गुपित सांगतेय. कुणाला लांबून हाक मारायची तर ती टाळी वाजवायची. घसा म्हणजे तिचं दुकान होतं, आणि दुकान ती फुकट उघडत नसे. सरावही रजयांनी भरलेल्या कपाटात डोकं खुपसून करायची. नव्या शेजाऱ्यांना पहिले काही दिवस वाटायचं की कपाटात कुणीतरी कोंडलंय. मग तेही सवयीने आवाज आला की म्हणायचे, चला, सिनेमा येतोय वाटतं.

आणि मावशीची सगळ्यांत गाजलेली किंकाळी कोणती, तर विहिरीच्या सिनेमातली. तो जुना सिनेमा ज्याने पाहिला नाही असा माणूस विरळा. शेवटी नायिका एका खोलीचं दार ढकलते, आतल्या विहिरीत डोकावते, खाली काय दिसतं ते आपल्याला कधीच दाखवत नाहीत, फक्त ती किंकाळी ऐकू येते. ती मावशीची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. खरंतरने ते शाळेलाही ठाऊक करून दिलं. शाळेच्या अंकात तिचा लेख आला, ‘भयपटांच्या पडद्यामागे’, आणि त्यातली पहिलीच गोष्ट ठळक अक्षरांत ही होती. मुख्याध्यापिकांनी प्रार्थनेनंतर ती वाचून दाखवली. त्या दिवसापासून खरंतर जरा वेगळी चालायला लागली, खांदे मागे टाकून.

पण मैत्रिणी कसल्या खवट. मावशी घरात एवढी पुटपुटते, ती काय किंकाळणार, असं म्हणाल्या. झालं. खरंतर रविवारी सगळ्यांना घेऊन मावशीच्या दारात उभी राहिली. मावशी नाही म्हणाली, मग हसली, मग भाचीचा चेहरा बघून विरघळली. विहिरीची नको, दुसरी कुठलीही मारते, म्हणाली. एक मारली. मैत्रिणी खूश झाल्या आणि अजून एक मागितली. तिसरीला मावशीच्या गळ्यात काहीतरी ताणलं गेल्यासारखं झालं आणि संध्याकाळपर्यंत घसा असा बसला की तिची कुजबुजही फुटेना. डॉक्टरांनी आठ दिवस मौन सांगितलं.

आणि सोमवारी एका नव्या भयपटाचं डबिंग होतं.

त्याचा दिग्दर्शक गेली काही वर्षं मावशीलाच बोलवायचा, पण या वेळी त्याला निर्मात्याने सांगितलं होतं की कॉम्प्युटरमध्ये तयार किंकाळ्या मिळतात, हवी ती उचला, माणूस कशाला पाहिजे. दिग्दर्शक कसाबसा अडून बसला होता. आज संध्याकाळी सिनेमा पुढच्या कामाला जाणार. आज किंकाळी मिळाली नाही, तर तयार वापरायची, आणि एकदा वापरली की पुढे मावशीला कोण विचारतंय. हे मावशीने मोबाइलवर टाइप करून दाखवलं तेव्हा खरंतरचं तोंड एवढंसं झालं. माझ्यामुळे झालं, मीच निस्तरते, असं म्हणून ती शाळा बुडवून मावशीबरोबर निघाली. किंकाळी मारण्यात काय मोठंसं आहे, असंही तिला वाटत होतं. तोंड उघडायचं आणि ओरडायचं.

डबिंगची खोली बिनखिडकीची होती, भिंतींना करडा स्पंज, खाली जाड गालिचा, त्याला कोंदट वास. समोर पडदा, मध्ये माइक, बाजूला काच. काचेपलीकडे यंत्रांसमोर रेकॉर्डिस्ट काका बसलेले. पोट सुटलेला, मिशीवाला, इतका संथ माणूस की चहाचा घोट गिळायलाही विचार करून गिळायचे. त्यांच्यामागे दिग्दर्शक येरझाऱ्या घालत होता. मावशीच्या ऐवजी भाची हे ऐकून त्याने कपाळावर हात मारला, पण दुसरा इलाज नव्हता. आत जा आणि हेडफोन कानाला लाव, एवढंच म्हणाला.

पडद्यावर बाई जिना चढत होती. वर दार. दारातून केस चेहऱ्यावर आलेलं एक ध्यान खाली उतरायला लागलं, असं विचित्र, तुटक, की हातपाय भलतीकडेच वळताहेत. बाईने तोंड उघडलं. खरंतरनेही उघडलं. जे निघालं ते उकळत्या किटलीच्या शिट्टीसारखं होतं. दुसऱ्यांदा कुणाचा तरी पाय मांजराच्या शेपटीवर पडल्यासारखं. तिसऱ्यांदा तिला हसू आलं.

काय झालं, दिग्दर्शकाने विचारलं.

“खरं तर त्या भूत झालेल्या बाईला तुम्ही जिना उलटा चढायला लावलाय, सर, आणि मग ते चित्रण शेवटाकडून सुरुवातीकडे फिरवलंय. म्हणून ती अशी चालते. तिच्या पदराकडे बघा, तो खाली पडायच्या ऐवजी वर उडतोय.”

 दिग्दर्शकाने हे गुपित निर्मात्यालाही सांगितलं नव्हतं. तो काकांना म्हणाला की ह्या पोरीला आधी घाबरवायला हवं, घाबरल्याशिवाय हिच्याकडून काही निघणार नाही. मग त्याने दिवे घालवले. खरंतर म्हणाली, छान, डोळ्यांना बरं वाटतंय. त्याने कानात एक खोल घुमणारा आवाज सोडला. तिने सांगितलं की असा आवाज नीट ऐकू येत नाही पण पोटात ढवळतं, म्हणून भयपटवाले तो वापरतात, तिने वाचलंय. शेवटी त्याने काकांना अंधारात तिच्या मागून जायला लावलं. काका बिचारे गालिच्यावरून चोरपावलांनी गेले आणि तिच्या खांद्यावर गार हात ठेवला. ती मागे न बघताच म्हणाली, काका, तुमच्या खिशात किल्ल्या वाजतात.

दिग्दर्शक खुर्चीत बसला आणि तयार किंकाळ्यांची फाइल उघडायला सांगितली. काकांनी एक वाजवली. मग दुसरी. सगळ्या कशा गुळगुळीत होत्या, जाहिरातीतल्या बाईला साबण आवडल्यासारख्या. तरी तो म्हणाला, चालेल, लोकांना काय कळतंय. आणि खरंतरला कळलं की तिचं सगळं ज्ञान आज तिच्याच मावशीच्या मुळावर आलंय. तिला साधं घाबरताही येत नव्हतं. तिने मनात भुतं आणून पाहिली, प्रेतं आणली, गणिताची परीक्षाही आणली. काही होईना. माइकसमोर तिचे डोळे भरून आले, पण रडण्याची किंकाळी होत नाही.

तेव्हा मावशी उठली. इतका वेळ ती काचेपलीकडे गळ्याला पंचा गुंडाळून बसली होती. तिने काकांच्या समोरचं बटण दाबलं, ज्याने इकडचं बोलणं आतल्याच्या कानात जातं. काकांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवून नको नको म्हणाले. दिग्दर्शक अगदी शेजारी उभा होता, त्याला प्रत्येक शब्द ऐकू जाणार होता. मावशीने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग पडद्यावरचं दृश्य चालू करायची खूण केली. बाई जिना चढू लागली. मावशीने उरलासुरला सगळा आवाज गोळा केला आणि खरंतरच्या कानात खरखर झाली.

“बाळा, विहिरीतली किंकाळी माझी नाही. ती ह्या काकांची आहे. तुझा लेख चुकला.”

आता इथे जरा समजून घ्या. भूत येऊन मानगुटीवर बसलं असतं तर खरंतरने त्याला केसांचा टोप कुठून आणलास विचारलं असतं. पण चूक! छापलेली! ठळक अक्षरांत, पहिली, मुख्याध्यापिकांनी प्रार्थनेनंतर वाचलेली, प्रत्येक वर्गात पोचलेली! तिच्या डोळ्यांपुढे एक एक मैत्रीण आली, एक एक अंक आला, आणि पोटात एक गोळा आला, आयुष्यातला पहिलाच. पडद्यावरच्या बाईने तोंड उघडलं.

जे निघालं त्याने यंत्रावरचा आवाज मोजणारा काटा लाल पट्टीत जाऊन आपटला. काकांच्या हातातला चहा मिशीवर उडाला. किंकाळी वर चढली, वरच राहिली, तिथे थोडी थरथरली आणि शेवटी अशी कोसळली की बाहेरच्या व्हरांड्यातून कुणीतरी दार ठोठावून सगळं ठीक आहे ना, विचारलं.

 दिग्दर्शकाने फक्त हात वर केला, हेच, एवढंच, असा.

मग तो मावशीकडे वळला आणि खोलीतला आनंद जरा थबकला. कारण मावशीला त्याने पहिल्यांदा बोलावलं होतं ते विहिरीच्या त्या किंकाळीसाठीच.

“ताई, म्हणजे मी इतकी वर्षं ज्या आवाजासाठी तुम्हाला बोलावतोय, तो ह्यांचा?”

काकांनी मिशी पुसली आणि संथपणे सगळं सांगितलं. तेव्हा मावशी नवीन होती, पहिलाच दिवस, भीतीने तिच्या तोंडून आवाजच फुटेना. काकांनी तिला समजवायला, असं कर बघ, म्हणून नमुना करून दाखवला आणि माइक चालूच होता. तेव्हाच्या दिग्दर्शकाने तोच उचलला. काकांनी हात जोडून सांगितलं, माझं नाव नको, ताईंचंच असू दे. त्यांच्या सासऱ्यांना जावयाचा आवाज आधीच बारीक वाटत होता. कुणाचा विश्वास बसेना म्हणून काकांनी चष्मा काढून ठेवला आणि तिथल्या तिथे, बसल्या जागी, ती किंकाळी मारली. तीच. एवढ्या मोठ्या देहातून एवढी नाजूक बाई किंकाळताना पाहून खरंतरने हेडफोन काढून कान चोळले.

 मावशीने पंचा सारखा केला आणि पर्स उचलली, जणू निकाल लागलाच. तेव्हा खरंतर बाहेर आली आणि एका दमात बोलायला लागली. विहिरीची नसेल, पण दवाखान्याच्या सिनेमातली मावशीचीच आहे, ती तिने घरी कपाटात माझ्यासमोर बसवली. लिफ्टची मावशीचीच, तिला आठवडाभर मध-पाणी पाजलं होतं. तुमच्या मागच्या तिन्ही सिनेमांतल्या मावशीच्या, आणि त्यातली बाथरूममधली ऐकून तुमच्या थिएटरमध्ये एक माणूस खुर्चीवरून घसरला, हे तुम्हीच मुलाखतीत सांगितलंय, सर. एक चुकलं म्हणून बाकीचं खोटं होत नाही. आणि आजची पुन्हा माझ्याकडून मागू नका, मी काही रोज चुकत नाही.

दिग्दर्शकाच्या तोंडावर हसू आलं, पण त्याने विषय भलतीकडेच नेला. त्याने मावशीला विचारलं, मग त्या सिनेमात त्या दिवशी तुम्ही काहीच केलं नाही?

मावशीने दाराकडे बोट दाखवलं. काका म्हणाले, विहिरीच्या खोलीचं दार. ते नवंकोरं होतं, करकरतच नव्हतं. ती करकर ताईंनी तोंडाने केली.

दिग्दर्शक हळूच खुर्चीत बसला. तो दहा वर्षांचा असताना त्याने तो सिनेमा पाहिला होता. किंकाळी त्याच्या लक्षात राहिली होती, एवढंच. पण त्या करकरीनंतर वर्षभर तो खोलीचं दार सताड उघडं टाकून झोपला, आई ओरडायची, तरी. मोठा झाल्यावर भयपट काढायचे हे त्याने त्या दाराच्या धाकाने ठरवलं होतं. ह्या सिनेमातही एक दार होतं, आणि त्याला ते अजून मनासारखं मिळालं नव्हतं.

“ताई, घसा बसलाय म्हणता. बसलेल्या घशाची करकर कशी येते?”

मावशीने खांदे उडवले आणि आत गेली. डॉक्टरांचं मौन आज एवीतेवी मोडलंच होतं. काकांनी दिवे मंद केले. ती माइकच्या अगदी जवळ झुकली, ओठ जरासे उघडले, आणि त्या फुटक्या, कोरड्या घशातून एक दार निघालं, जुनं, जड, कुणीतरी पलीकडून अगदी सावकाश ढकलत असल्यासारखं.

दिग्दर्शकाने काकांचा हात धरला. खरंतर काचेला नाक लावून उभी होती. हा आवाज कुणाचा, कशाने, कुठून येतोय हे ती स्वतःच्या डोळ्यांनी बघत होती, आता ते सगळ्यांना कसं सांगायचं याची वाक्यंही मनात जुळवत होती. तरी मध्येच तिने मान वळवली आणि मागचं दार नीट लागलंय ना, ते पाहून घेतलं.