सोनटक्के सरांची संमती

वर्गात सात मुलं होती. सुखदेव सोनटक्के सरांना तेवढी पुरत. साल २००१. शनिवार पेठेतल्या त्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या प्रवेशाची रांग फाटकापर्यंत यायची, आणि तत्त्वज्ञानाला दरवर्षी डोकी कमी व्हायची. विषय बंद करायचं घाटत होतं. पण विभागप्रमुख परचुरे म्हणाले होते, "मी आहे तोवर तुमच्या वर्गाला हात लागणार नाही." अठरा वर्षांचा सहवास. सर निर्धास्त होते.

त्या दिवशी ते रामानुजांची ओळख करून देत होते. सिद्धान्ताआधी माणूस, ही त्यांची रीत.

"कांचीला यादवप्रकाश नावाचे गुरू. हा त्यांचा हुशार शिष्य. म्हणायचा, जग खोटं नाही, जीव आणि जग हे देवाचं शरीर आहे. गुरूंना ते झोंबलं. परंपरा सांगते, त्यांनी काशीयात्रा काढली आणि वाटेतच ह्याचा काटा काढायचं ठरवलं."

तेवढ्यात दोन माणसं आत आली आणि टेपनं भिंत मोजू लागली.

"तास चालू आहे," सर म्हणाले.

"लॅबची टेबलं बसवायचीत. पत्र आहे, सर."

सरांनी कागद वाचला. 'विषय बंद करण्यास विभागाची हरकत नाही. श्री. सोनटक्के यांचीही संमती आहे.' खाली परचुऱ्यांची सही. तारीख दीड महिन्यापूर्वीची. आणि परवाच्या रविवारी हेच परचुरे विश्रांतवाडीला सरांच्या घरी पोटभर जेवून गेले होते.

"सर, मग रामानुजांचं काय झालं?" कल्याणीनं विचारलं.

"मावसभावानं सावध केलं. वाचले." सरांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "पुढे तेच गुरू त्यांचे शिष्य झाले म्हणतात."

"म्हणजे त्यांनी माफ केलं?"

"त्यांनी केलं."

मधल्या सुट्टीत सरांनी कागद परचुऱ्यांसमोर ठेवला. "माझी संमती आपण कुठून आणलीत?"

"अहो, तुमची नोकरी शाबूत राहावी म्हणून. तुम्ही समजून घ्याल असं वाटलं."

"विचारलं असतंत तर नाही म्हणालो असतो. म्हणूनच विचारलं नाहीत."

परचुरे पेपर चाळू लागले.

सरांनी त्याच दिवशी प्राचार्यांना लेखी कळवलं, की संमती दिलेली नाही. उत्तर आलं नाही. जूनमध्ये विषय बंद झाला, सरांना ग्रंथालयात बसवलं. परचुरे जिन्यात भेटले की हसून म्हणत, "काय सोनटक्के, बरंय ना?"

सर बाजूला होऊन त्यांना वाट देत. बोलत मात्र नसत.