कान्हाकाकांचं ऊन

माझ्या सासऱ्यांचं व्हिटॅमिन डी सात निघालं. तीसच्या वर हवं. मी कोपरखैरण्याच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, दिवसाला चाळीस जणांचं रक्त काढते, आकडे बघून सहसा दचकत नाही. पण हा आकडा मी मशीनवर दोनदा लावून पाहिला. कारण हा माणूस बोनकोड्याचा गोटीराम, वयाच्या आठव्या वर्षापासून मिठागरात राबलेला. सासूबाई सांगतात, लग्नात यांना हळद लावली ती कुठे लावली तेच दिसत नव्हतं, इतके उन्हाने काळे झाले होते. त्या अंगात आता उन्हाचंच जीवनसत्त्व उरलेलं नव्हतं.

तक्रारी तशा वर्षभर चालू होत्या. मांड्या दुखायच्या, जेवून उठताना भिंत धरावी लागायची. दिवाळीत जिन्यात पाय गेला आणि शेवटच्या तीन पायऱ्या बाबा बसूनच उतरले. वर आम्हाला सांगितलं की मुद्दाम उतरलो. मग मात्र मी ऐकलं नाही, दंड धरून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर पुण्याकडचे, तरुण. त्यांनी नीट समजावलं. जेवणातलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचायचं तर हे डी लागतं, ते कातडीत उन्हानेच तयार होतं, आणि तुम्ही तर दिवसभर घरात. आठवड्याला एक पुडी, दुधातून, आठ आठवडे. शिवाय रोज थोडं ऊन घ्या, साधारण अकराच्या पुढचं.

"मना पुरी नको," बाबा म्हणाले.

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले. "तळलेलं कमीच करा."

मी जासईची, म्हणजे बोलीने सासरचीच. आमच्याकडे गाडीची गारी होते आणि पुडीची पुरी. डॉक्टरांना मी ते समजावलं तेव्हा ते बिचारे लाल झाले. बाबा मात्र अडूनच बसले. "आख्खी जवानी उन फुकट खाल्लाय मी. आता उन मेडिकलमधना आनू? पुरीत बांधून? गावात कलला तं तोंड क दाखवू?"

तर ऊन शोधायचं ठरलं. आता बोनकोड्याच्या गावठाणात ऊन शोधणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. घरं इतकी जवळ की आमच्या मागच्या खिडकीतून मागच्या घराच्या खिडकीत चहाचा कप देता येतो, आणि आम्ही देतोही. ज्याने त्याने आपल्या घरावर माळे चढवले, भाडेकरू ठेवले. बाबांनी चार चढवले, मान ताठ ठेवून चढवले. ऊन गावात रोज येतं, पण चौथ्या माळ्यावर राहतं, खाली उतरत नाही.

गच्चीवर बाबांनीच गळतीसाठी पत्र्याची शेड ठोकलेली, तिथे मिट्ट सावली. मग ते चौथ्या माळ्यावरच्या गॅलरीत, न उघडणाऱ्या पक्क्या काचेआड, चार दिवस बनियन काढून बसले. पोट छान तापलं. मागच्या घरातल्या भाडेकरणीने पडदा विकत आणला. मी सांगितलं, बाबा, काचेतून ऊब येते, डी बनवणारे किरण काचेबाहेरच राहतात. चार दिवस फुकट गेल्याचा राग त्यांनी माझ्यावर काढला, जशी काच मी बनवली होती.

मग बाग. पहाटे साडेसहाला स्वेटर घालून गेले. त्या वेळचं ऊन दिसायला सुंदर, पण इतकं तिरकं की डीच्या दृष्टीने बिनकामाचं. अकराला गेले तर बागेला कुलूप. दहा ते चार बाग बंद, वॉचमन म्हणाला, उन्हाचा त्रास होतो ना लोकांना. बाबांनी त्याला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही.

ऊन होतं ते एकाच ठिकाणी. आमच्या दारासमोर, गल्लीच्या पलीकडे, कान्हाकाकांच्या अंगणात.

कान्हाकाका म्हणजे बाबांचे धाकटे सख्खे भाऊ. आख्ख्या गल्लीत त्यांनी एकट्यानेच माळा चढवला नाही. कौलांचं घर, पुढे अंगण, अंगणाला गुडघाभर कठडा. आमच्या इमारतीच्या डोक्यावरून सूर्य सव्वाअकराला वर यायचा आणि दीड वाजेपर्यंत त्या अंगणात मुक्काम करायचा. अकरा वर्षांपूर्वी बाबांनी तिसरा माळा टाकला तेव्हा काका दारात आले होते. म्हणाले, "दादूस, माझा सकालचा उन गेला. सुकट कुटं वालवू?" आणि बाबा म्हणाले, "उन क तुझ्या बापाचा हाय?"

बाप दोघांचा एकच होता हे रागाच्या भरात दोघांच्याही ध्यानात आलं नाही. सासूबाईंच्या आलं, पण हसायची सोय नव्हती. त्या दिवसापासून पाणी बंद. आमच्यात बोलणं बंद होणं हे किरकोळ भांडण, चारचौघांत मिटतं. पाणी बंद म्हणजे त्या घरचा थेंबही ओठाला लावायचा नाही. लग्नाच्या मांडवात दोघे एका पंक्तीला बसायचे आणि दोघांच्या मांडीखाली आपापली बाटली.

पण त्या उन्हाची एक पट्टी कठड्यावरून गल्लीत सांडायची, चटईएवढी. बाबांनी प्लास्टिकची खुर्ची आणून तिथे मांडली. गल्ली कोणाच्या मालकीची नाही, त्यामुळे अपमान नाही. स्कूटरवाले हॉर्न वाजवायचे, बाबा गुडघे आत घ्यायचे. तोंड मात्र कायम आमच्या घराकडे.

संक्रांत गेली आणि पट्टी आत सरकायला लागली. बाबा खुर्ची तिच्यामागे सरकवत गेले. एका मंगळवारी मी सुट्टीवर होते. बघते तर कठड्याच्या फटीतून खुर्चीचे मागचे दोन पाय काकांच्या हद्दीत.

काका बाहेर आले. खुर्चीकडे बघितलं. आत जाऊन ताडपत्री आणली, बरोबर त्या उन्हाच्या तुकड्यावर पसरली आणि तिच्यावर ओले बोंबील मांडून ठेवले. जागा अडवली. मग दार लावून घेतलं.

बाबा हलले नाहीत. त्या वासात बसून राहिले. पाच मिनिटांत कावळे आले. पहिला बोंबील उचलणार तोच बाबांची मान मागे वळली, हात आपोआप वर गेला, तोंडातून "हाआआ" निघालं. आजेसासूबाई सुकट घालायच्या तेव्हा कावळे हाकलायला या दोघांनाच बसवायच्या, एकेका टोकाला. साठी उलटली तरी हाताला ते आठवत होतं. आपण कोणाचे बोंबील राखतोय हे ध्यानात आल्यावर बाबांनी हात खाली घेतला, आणि कावळा परत आल्यावर पुन्हा वर केला.

दार किलकिलं झालं. "त्या बाजूचं पन बघ," काका आतून म्हणाले. अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य.

"बघतंय," बाबा म्हणाले, आणि कठडा ओलांडून आत जाऊन बसले.

मला वाटलं, मिटलं. सासूबाई पुतळाबाई माझ्यापेक्षा शहाण्या, त्या म्हणाल्या, "पानी पिला क?" नव्हते प्यायले. रोज अंगणात बसायचे, कावळे हाकलायचे, दोन शब्दही व्हायचे, पण घसा कोरडा पडला की घरी यायचे, पाणी पिऊन परत जायचे.

त्यात बाबांनी हिशेब मांडला. सातावरून तीसवर जायचं, म्हणजे तेवीस कमी. तासाला एक धरला तर बारा दिवसांचं काम, रोज दोन तास बसलो तर. मी कानीकपाळी ओरडले की बाबा, हे भाताचं पोतं नाही, वीस-पंचवीस मिनिटं पुरे, जास्त बसून जास्त मिळत नाही, आणि अंगातलं पाणी मात्र जातं. कोणी ऐकायचं? सून लॅबमध्ये असली तरी सूनच.

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी ते उघड्या अंगाने पावणेदोन तास बसले. मी जेवायला घरी आले होते. खिडकीतून बघितलं तर कावळा ताडपत्रीवर आरामात चालतोय आणि बाबांचा हात वर जात नाहीये. मी जिना कसा उतरले ते मला माहीत नाही. पोचले तेव्हा काका आधीच बाबांना सावलीत ओढून बसले होते. बाबांचे ओठ पांढरे, डोळे अर्धे. काकांच्या हातात तांब्या होता, पाण्यात मीठ, साखर, लिंबू पिळलेलं. मिठागरात कोणाला ऊन लागलं की हेच द्यायचे, त्याला ओआरएस म्हणतात हे त्यांना नंतर कळलं.

"पी," काका म्हणाले.

बाबांनी मान फिरवली. तशा अवस्थेतही फिरवली. मला इतका संताप आला की सासरे आहेत हे विसरून मी दोन शब्द बोलणार होते, पण तेवढ्यात सासूबाई धापा टाकत आल्या. त्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "काठी मारून पानी तुटत नाय, आनि तुमी दोघं अकरा वरसं मारतांव. पी आता, नाय तं मी माहेराला जातंय."

बाबांनी काकांकडे बघितलं. काकांनी तांब्या तसाच ओठाशी धरला होता, पाणी बाबांच्या छातीवर सांडत होतं. बाबांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि खाली ठेवला तेव्हा तो रिकामा होता. "मीठ जास्त झालाय," एवढंच म्हणाले.

"तुजाच कमी झालाय," काका म्हणाले आणि तिकडे तोंड करून डोळे पुसायला लागले. मी पण पुसले. उगाच खोटं कशाला सांगू.

मग काकांनी अट घातली. अंगणात यायचं तर पुडी घ्यायची. मी, डॉक्टर, सासूबाई, तिघांनी सांगून न झालेलं काम धाकट्या भावाच्या एका वाक्यात झालं. रविवारी सकाळी सासूबाई दूध घेऊन अंगणात जायच्या, काका पुडी फोडायचे, बाबा औषध नसून भावाचा मान ठेवतोय अशा थाटात प्यायचे. बसायचं अर्धा तास, मध्ये पाणी. वेळ संपली तरी दोघे उठायचे नाहीत, नुसते खुर्च्या सावलीत ओढायचे. कोणत्या मिठागरात कोणी कोणाला खारात ढकललं होतं, यावर वाद चालायचा. मे उजाडला. बाबा मांडी घालून बसायला लागले आणि भिंत न धरता उठायला लागले. मी म्हटलं, आता पुन्हा तपासू.

रक्त मीच काढलं. दुसऱ्या दिवशी मशीनने आकडा दिला, एक्केचाळीस. मला एवढा आनंद झाला की मी शेजारच्या काउंटरवरच्या मुलीला चहा पाजला.

दुपारी बारा वाजता लॅबच्या दारात कान्हाकाका. देवळात यावं तसे चपला बाहेर काढून आत आले, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. ती त्यांनी काउंटरखालून माझ्याकडे सरकवली.

"दादूसचा रिपोट आज हाय ना?"

"आहे, काका. छान आला आहे."

त्यांचा चेहरा उतरला. इकडेतिकडे बघून हळू म्हणाले, "जरा कमी काढ ना, बाय."

"काका, तसं करता येत नाही. नोकरी जाईल माझी."

"मना ठावं हाय," ते म्हणाले. "पन बरा झाला तं तो यायचा नाय. त्याला कारन लागतं. लहानपनापासना तसाच हाय." पिशवी परत न घेताच ते गेले, चपलाही उलट्या पायात घालून.

अर्ध्या तासाने बाबा. लॅबमध्ये मला भेटायला ते पहिल्यांदाच आले होते. रिपोर्टचं पाकीट मी पुढे केलं, ते त्यांनी उघडलं नाही, घडी करून सदऱ्याच्या खिशात घातलं.

"वाढला आसल."

"वाढलं, बाबा."

"लय?"

"खूप."

ते खुर्चीवर बसले. आत रक्त द्यायला आलेली माणसं रांगेत, आणि हे मध्येच गुडघे चोळत. मग म्हणाले, "कान्हाला सांगू नको. त्याला वाटंल काम झाला, दादूस निंघाला." आणि माझ्याकडे न बघता, "तू क बोलशील त्याला?"

कागदावरचा आकडा मी कधी बदलला नाही, बदलणारही नाही. पण तोंड काही लॅबच्या मालकीचं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. साडेअकराला मी अंगणात गेले. दोघे उन्हात, मध्ये तांब्या, ताडपत्रीवर सुकट. दोघांनीही माझ्याकडे बघितलं आणि लगेच कावळ्यांकडे बघायला लागले. एकाला दुसऱ्याचं माहीत नव्हतं.

"बारा," मी म्हटलं. "सातावरून बारा. फार कमी आहे, बाबा. अजून बसावं लागेल."

वाईट बातमीने एवढी खूश झालेली माणसं मी माझ्या नोकरीत पाहिली नाहीत. बाबांनी चेहरा लांब करायचा प्रयत्न केला, जमला नाही. काकांनी जोरात सुस्कारा सोडला आणि तांब्या दादूसच्या हातात दिला.

"किती दिस?" बाबांनी मला विचारलं.

"सांगता येत नाही. सगळा पावसाळा जाईल."

"पावसाल्यात उन नसतं," काका घाईने म्हणाले, आणि बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

बाबा पाणी प्यायले, तोंड पुसलं, तांब्या खाली ठेवला.

"नसला तं नसला," ते म्हणाले. "तवा आत बसून त्याची वाट बघू."