मी नव्हते ते तीन दिवस

मी एक जुने वजन आहे. बरोबर शंभर ग्रॅमचे. हसू नका मित्रांनो, भाजीवाल्याच्या काळ्या वजनांशी माझे नाते फार लांबचे आहे. मी चकचकीत पोलादाचे, मखमली डबीत राहणारे. १९९५ साली मी धायरीजवळच्या एका लहान औषध कारखान्यात आले. तिथे लहान मुलांच्या फिटच्या आजारावरच्या गोळ्या बनत. गोळीतले मूळ औषध एका नाजूक काट्यावर मोजत. तो काटा खरे सांगतो आहे ना, हे रोज सकाळी तपासायचे, एवढेच माझे काम.

काटा सांभाळत सुखदेव. ते मला चिमट्याने उचलत, उघडे बोट कधी लावत नसत. "बोटाच्या डागालाही वजन असतं," असे प्रत्येक नव्या माणसाला बजावत. मला काट्यावर ठेवून, काचेचे दार लावून ते श्वास रोखून उभे राहत आणि जो आकडा येईल तोच वहीत लिहीत. एका पावसाळ्यात काट्याने १००.३१ दाखवले. सुखदेवांनी तो आकडा लाल शाईने लिहिला आणि काम थांबवले. सगळा दिवस फुकट गेला. तेव्हाचे मॅनेजर बापूराव चिडतील असे सर्वांना वाटले होते. ते वही बघून एवढेच म्हणाले, "औषध उशिरा गेलं तर ओरडा खाऊ. चुकीचं गेलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. शाबास!" त्या दिवशी डबीत परतताना मला फार मोठे झाल्यासारखे वाटले. अर्थात भरले मी शंभरच ग्रॅम.

२००९ साली बापूराव निवृत्त झाले, त्यांच्या जागी हिंदुराव आले आणि वही गेली. तिच्या जागी संगणकातली वही आली, इलेक्ट्रॉनिक लॉगबुक. अभिनव नावाचा चुणचुणीत इंजिनिअर ती बसवायला आला होता. त्याने तिच्यात नियम घातले. सुखदेवांनी टाकलेला आकडा ९९.९० ते १००.१० मध्ये असेल तर हिरवी खूण. बाहेर गेला तर पडदा लाल, मोजणीच्या खोलीला कुलूप आणि नऊ साहेबांना आपोआप ईमेल. "आता चूक होणंच पॉसिबल नाही, सर," अभिनव म्हणाला. मला आनंद झाला. मला वाटले, आता माझ्या शब्दाला नियमाचा आधार मिळाला.

पहिल्याच महिन्यात तीनदा पडदा लाल झाला. एकदा तर नव्या एसीचा वारा काट्यावर येत होता, एवढेच कारण होते. दर वेळी सुखदेवांना नऊ जणांना लेखी खुलासा द्यावा लागला. हिंदुराव दारात उभे राहून म्हणत, "काय सुखदेव, आजही लाल? आपल्याला हिरव्या रंगाचं वावडं आहे वाटतं!" लाल का झाले, हे मात्र त्यांनी एकदाही विचारले नाही.

मग एका सकाळी सुखदेवांची पावले जवळ आली. त्यांचा हात डबीवर टेकला. मी तयार होते. झाकण उघडलेच नाही. बटणांचा टकटक आवाज झाला आणि ते निघून गेले. पडदा हिरवा. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी हातही टेकवला नाही. मित्रांनो, परक्याने फसवले असते तर मी विसरले असते. चौदा वर्षे मला उघडे बोट न लावणारा माणूस रोज माझ्या नावाने खोटे लिहीत होता, हे मला अजून विसरता येत नाही.

वर्षातून एकदा मलाही तपासणीला जावे लागते. त्या वर्षी दीक्षा नावाची नवी केमिस्ट मला पर्समधून घेऊन निघाली. स्वारगेटला बस बदलून आम्ही प्रयोगशाळेत पोहोचलो. सोमवारी दुपारी गेलेले मी शुक्रवारी सकाळी परतले, 'अचूक शंभर' असे प्रमाणपत्र घेऊन. ते नोंदवायला दीक्षाने लॉगबुक उघडले आणि ती थबकली. मंगळवार, बुधवार, गुरुवार. 'शंभर ग्रॅमचे वजन ठेवले. १००.००.' तिन्ही दिवस हिरवी खूण आणि सुखदेवांचे नाव. आकडा नियमात बसत होता. वजन कारखान्यात आहे का, हे विचारणारा नियम कोणी घातलाच नव्हता.

"काका, मंगळवारी हे वजन कुठे होतं?"

"डबीत, अजून कुठं?"

"डबी माझ्याकडे होती."

सुखदेव खुर्चीवर बसले. "लाल झालं की आम्हीच गुन्हेगार ठरतो, बाळा. खोलीला कुलूप लागतं. तूच सांग, मी काय करायचं होतं?"

दीक्षाने मला चिमट्याने काट्यावर ठेवले. ९७.३०. म्हणजे काटा कमी दाखवत होता आणि प्रत्येक मोजणीत औषध जास्त पडत होते. त्या गोळ्यांची खोकी बाहेर गाडीत चढत होती.

"आकडा तुम्हीच टाका, काका."

त्यांनी आकडा टाकला. पडदा लाल झाला, कुलूप खटकन लागले, गाडी थांबली. कित्येक महिन्यांची खोकी परत मागवावी लागली. चौकशीत हिंदुराव म्हणाले, "आम्हाला कसं कळणार? सगळं हिरवंच तर होतं." सुखदेवांची नोकरी गेली. अभिनवने आणखी एक नियम घातला. आता रोज माझा फोटो काढतात.

जायच्या दिवशी सुखदेवांनी डबी उघडली. मला त्यांनी पहिल्यांदाच उघड्या बोटांनी उचलले, तळहातावर धरले. मग दचकून त्यांनी मऊ फडके घेतले, बोटांचे डाग पुसून काढले आणि मला जागेवर ठेवले. माझा राग गेला नाही. पण त्या दिवशी ते मला पुसून गेले, हेही मी लपवणार नाही.

मित्रांनो, तुम्हीही प्रयोगवहीत शेजाऱ्याचे आकडे उतरवता, मला माहीत आहे. तुमच्या आकड्याला बरोबरची खूण मिळेलही. तरी लिहिण्याआधी एकदा डबी उघडा. आत कोणीतरी तयार होऊन बसलेले असते.