खाजामियाँचा सत्कार

बीडच्या बसस्टँडमागं फळांचा गाडा लावणाऱ्या खाजामियाँचा आम्ही इतक्यांदा सत्कार केलाय, की घरात शाली ठेवायला जागा उरली नाही. कारण दरवेळी एकच. तीसेक वर्षांमागं त्रिंबक शिंपी एड्सनं गेला, तेव्हा त्याचे सख्खे भाऊ खांदा द्यायला आले नाहीत. खाजामियाँनी त्याला फळांच्या गाड्यावर निजवून भर बाजारातून स्मशानात नेलं. पुढं कित्येक महिने त्यांच्या केळ्यांना कुणी हात लावला नाही. त्यात आम्हीही आलोच. मग दिवस पालटले आणि आम्हाला त्यात हिंदू-मुस्लिम भाईचारा दिसू लागला. भाईचारा परवडतो. शाल, नारळ, फोटो.

यंदा तेलगावची आम्रपाली कॅमेरा घेऊन आली. पुरुषांवर जीव लावणारे पुरुष आणि त्या आजाराचा काळ, यावर ती छोटे माहितीपट करते. आम्ही सत्कारवाले खाजामियाँच्या घरी खुर्च्या द्यायला म्हणून गेलतो, ते तिथंच बसलो.

सून सुरैया दारातूनच म्हणाली, "अब्बा, भाईचारे का बोलो, बस. तरन्नुम का रिश्ता तय होने कू है."

नातीच्या लग्नाचा प्रश्न.

"चाचा, चेहरा अंधारात ठेवते," आम्रपाली म्हणाली. "त्रिंबक तुमचे कोण होते?"

"माझा मानूस होता. नवरा-बायकोत असतो तसा जीव होता आमचा."

आमच्यातला पप्पू खुर्चीतून निम्मा उठला. "चाचा, भाईचारा म्हणा की!"

"कावून म्हणू बे? भाऊ तर त्याचे घरात बसलेले." मग आम्रपालीकडं वळून म्हणाले, "त्याला आंघोळ घालायची तुमची रीत मला येत न्हवती. आमच्यात मय्यताला घालतात तशीच घातली. उजव्या अंगाकून, हळू. कापूर लावला. मग तुमच्या रीतीनं अग्नी दिला. दोन्हीकडचं कायबी कमी पडू दिलं न्हाई त्याला."

ज्याला आम्ही वर्षानुवर्षं हार घातले, तो एवढा मोठा माणूस असल्याचं आमच्या गावीही नव्हतं.

"आन चेहरा दिसू दे," ते म्हणाले.

सगळे सुरैयाकडं बघू लागले. ती आत आली, सासऱ्यासमोर उभी राहिली. ओढणीच्या टोकानं त्यांचे डोळे पुसले, टोपी सारखी केली.

"फिर से लो," ती आम्रपालीला म्हणाली. "टोपी टेढ़ी थी."

"और रिश्तेवाले?" खाजामियाँनी विचारलं.

"पूछे तो मैं बोलूँगी."

आम्रपालीनं कॅमेरा पुन्हा सुरू केला.