हिरवा काटा आणि इंदूबाईंची पेटी

सोनुबाई लेकीकडे राहायला गेल्या आणि कुंभिवलीच्या महिला भजनी मंडळात पेटीशेजारची जागा रिकामी झाली. त्या जागेवरची बाई अभंग उचलते, बाकीच्या तिच्या मागून म्हणतात. हर्षलाला ती जागा मनापासून हवी होती. पेटी वाजवायच्या खुद्द तिच्या सासूबाई, इंदूबाई. पण त्यांच्याकडे वशिला चालत नसे.

"तुजा सूर हलतो गं," त्यांनी सरळ सांगून टाकलं. "सप्त्यापर्यंत बसव. मंग बघू."

हर्षला रसायनीच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत कामाला. मोजल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. तिने मोबाइलवर तीन ॲप उतरवली आणि कंपनीच्या बसमध्ये कानात इअरफोन खुपसून त्यांची परीक्षा घ्यायला बसली.

पहिलं म्हणजे निव्वळ खेळ. पियानोचे दोन स्वर वाजवून वरचा कुठला ते विचारायचं आणि उत्तर बरोबर आलं की फुगे सोडायचं. हर्षलाला फुग्यांची चटकच लागली, पण ती गाते कशी याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. दुसऱ्यात तंबोरा होता. पट्टी निवडायची सोय होती आणि खाली सूर बारीक वरखाली करायची एक रेघ होती. ती कशाला लागते ते न कळल्याने हर्षला तिच्या वाटेला गेली नाही. तिसऱ्यात मात्र काटा होता! सूर नेमका लागला की तो हिरवा व्हायचा. मोजमाप करणाऱ्या बाईला आणखी काय हवं? मंडळाची पट्टी काळी एक. तोच सा धरून ती भाकऱ्या थापतानासुद्धा गायची. भाकरी करपली तरी हरकत नाही, काटा हिरवा पाहिजे, असं नवरा जितेश चिडवायचा.

सप्ताह तोंडावर आला तेव्हा देवळात तालीम झाली. हर्षलाने छाती भरून सूर लावला.

"आता हलत नाय," इंदूबाई म्हणाल्या, "पन खाली हाय."

हर्षलाला ते फार लागलं. तिने मोबाइल पेटीसमोर धरला. "आई, काळी एक दाबा बरं."

काटा हिरव्याच्या बराच पुढे जाऊन थांबला.

"पेटीच चढी आहे," ती बोलून गेली. टाळ थांबले. सगळ्या बायका इंदूबाईंकडे बघू लागल्या.

"आसंल," इंदूबाई शांतपणे म्हणाल्या. "मिरदुंग हिच्यावरच मिळवतात, आमचे गळे हिच्यावरच घडल्यात. तुजा मोबाइल कुनाबरोबर गातो?"

हर्षलाची मान खाली गेली. पण कुतूहल काही गप्प बसेना. तिने बायकांना पेटीशिवाय एक ओळ म्हणायला लावली. काटा पुन्हा तिथेच, तेवढाच पुढे. अख्खं मंडळ एकाच जागी चढं होतं आणि एकमेकींशी तंतोतंत जुळत होतं. आपण मात्र एकटीनेच मेहनत करकरून वेगळ्या जागी पक्क्या झालो, हे लक्षात आलं आणि तिला हसू फुटलं.

मग तिला ती रेघ आठवली. तिने तंबोरा लावला, इंदूबाईंना काळी एक दाबून ठेवायला सांगितलं आणि रेघ हळूहळू सरकवू लागली. दोन सूर एकमेकांवर घासत होते, मधेच थरथर ऐकू येत होती. थरथर संथ झाली, आणखी संथ झाली. एका जागी ती विरली आणि तंबोरा कुठला, पेटी कुठली ते कळेना. इथे ना फुगे होते, ना हिरवा रंग. जुळलं हे तिचं तिला ऐकू आलं होतं. तिच्या अंगावर काटा आला.

तिने मोबाइल पिशवीत टाकला, डोळे मिटले आणि पुन्हा सा लावला. इंदूबाईंनी भाता न थांबवता तो पुरता ऐकून घेतला. मग शेजारच्या रिकाम्या जागेवर पडलेली आपली चष्म्याची डबी उचलून त्यांनी मांडीवर घेतली.

"तितं लांब का बसलीस?" त्या म्हणाल्या. "सरक हिकडं. अभंग उचल."