आधी ओ देणारा

मी राउटर बोलतोय. टीव्हीमागे धूळ खात लुकलुकणारा काळा डबा. नेट गेलं की सगळे माझ्याच नावानं शंख करतात आणि चालू असलं की ढुंकूनही बघत नाहीत. असो, सवय झालीय.

माझं खरं काम कुणाला ठाऊक नसतं. घरातलं कुठलंही यंत्र जागं झालं की आधी सगळ्या घराला हाक मारतं, "कोणी आहे का?" मी ओ देतो. म्हणतो, "हा घे नंबर, एवढ्या तासांसाठी तुझा. बाहेर काही धाडायचं असेल तर माझ्या हातात दे." निम्मी मुदत सरली की ते पुन्हा विचारतं, मी वाढवून देतो. विचारलंच नाही, तर मुदत संपल्यावर तो नंबर दुसऱ्याला.

या घरात दोघंच. ताई औषधांच्या दुकानात कामाला आणि तिचे बाबा घड्याळं दुरुस्त करणारे. बाबांचं हृदय अधू, म्हणून ताईनं त्यांच्या मनगटाला एक पट्टा बांधला होता. नाडी बिघडली की पट्टा माझ्यामार्फत तिच्या फोनवर कळवायचा.

बाबा कुरकुरायचे, "घड्याळवाल्याच्या हाताला हे खेळणं! लोक हसतील मला."

"हसू देत. पण काढायचा नाही हं, बाबा."

बाबा दिवसभर वरच्या खोलीत कामाला बसायचे. तिथवर माझा आवाज जेमतेम पोचायचा. म्हणून एका रविवारी ताईनं माझ्याआधीचा जुना राउटर कपाटावरून काढला, वायरीनं मला जोडला आणि वर ठेवला. त्यानं फक्त माझा आवाज पुढे न्यायचा होता. त्याचं नंबर वाटणं आधी बंद करावं लागतं, हे बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी चार्ज होऊन पट्टा जागा झाला. "कोणी आहे का?" मी ओ दिली. पण माझ्याआधी कुणीतरी ओ दिली होती. या घरात इतकी वर्षं मी एकटाच बोलत आलो. भीतीच वाटली मला. शब्द अगदी माझेच. "हा घे नंबर. बाहेरचं माझ्या हातात दे." पट्ट्यानं सगळ्या घराला ऐकवलं, "मी त्याचा नंबर घेतला."

अरे, त्याच्या हातात कसलं देतोस? त्याची बाहेरची लाइन केव्हाच काढलेली!

दुपारी तीनला पट्टा बोलू लागला. "नाडी अडखळतेय." मग, "नाडी मंदावलीय." वरचा डबा एकेक निरोप घेत होता आणि गिळत होता. मला सगळं ऐकू येत होतं, पण दुसऱ्याच्या हाती दिलेला निरोप मला उचलता येत नाही. त्यानंतर ताई घरी येईपर्यंत पट्टा एकच सांगत राहिला, "नाडी लागत नाही."

पंधरा दिवसांनी नेटवाला आला. "हा वर कुणी लावला? एका म्यानात दोन तलवारी कशा राहतील? जो आधी ओ देईल त्याचंच ऐकतात ही यंत्रं."

"मीच लावला," ताई म्हणाली. "बाबांना वर रेंज येत नव्हती."

नेटवाला जुना डबा पिशवीत घालून घेऊन गेला.

आता ओ देणारा मी एकटाच. रोज सकाळी पट्टा हाक मारतो, मी नंबर देतो. नंबर पट्ट्याला असतो. पट्टा कुणाच्या मनगटावर आहे हे विचारायची माझी रीत नाही. ताई तो स्वतःच्या हाताला बांधते, बाबांच्या खुर्चीत जाऊन बसते आणि फोनवर अजून बाबांच्याच नावानं येणारा निरोप मोठ्यानं वाचते, "बाबांची नाडी बहात्तर. सगळं ठीक." कामावर जाणं सोडलंय तिनं. जेवणाचंही काही खरं नाही.

आज पट्ट्यानं माझ्या हातात वेगळाच निरोप दिला. "बाबांची नाडी अडखळतेय." मी तो त्याच क्षणी पोचवला. ताईनं वाचला. कितीतरी दिवसांनी हसली आणि म्हणाली, "आले हं, बाबा."

कुणीतरी या हो! मी निरोप पोचवतो, पण तो तिच्याशिवाय कुणाकडे जातच नाही.